उधाणातली येळवस

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लोहारा,
रविवार, २८ डिसेंबर २०२५

चि. राजेश्वरीस अप्पाचा आशीर्वाद.

आम्ही दोघं सुखरूप पोचलो, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलंच आहे. गाडीत मी किती घोरलो तेही सांगितलं असणार. फोन तिच्या हातातून माझ्या हाती येईपर्यंत बोलायचं काही शिल्लक राहत नाही. मी ‘बरी आहेस ना’ म्हणतो, तू ‘व्हय’ म्हणतेस आणि तेवढ्यात तुमच्या त्या कड्याखाली रेंज जाते. म्हणून म्हटलं, कागद घेऊन बसावं. कागदाची रेंज जात नाही.

इकडचं सगळं ठीक. ज्वारी हुरड्यात आली आहे आणि पाखरांनी आमच्याआधी खायला सुरुवात केली आहे. हरभरा यंदा झकास आहे. कपिली व्याली, कालवड झाली. तुझ्या आईनं तिचं नाव दर्या ठेवलं. लोहाऱ्यात दर्या नावाची कालवड पहिलीच असेल. शेजारची बानूबाई म्हणाली, ‘अगं, गंगा ठेव, गोदा ठेव, ही खाऱ्या पाण्याची कुठून काढलीस?’ तुझी आई म्हणते, ‘म्या बघून आले म्हणून ठेवलं, तू बघून ये आन् मग बोल.’

तुझी आई आत्ताच येऊन डोकावून गेली.

‘लिव्हलं का?’

‘लिहायलोच की.’

‘कालवडीचं न्हवं. त्ये लिव्हलं का?’

‘येतंय, येतंय.’

ते म्हणजे काय, तुला वेगळं सांगायला नको. आपल्या जिल्ह्यात वनरक्षकाची जागा निघाली आहे, तुला बदली मिळते आहे आणि तुला संक्रांतीच्या आत होय की नाही ते कळवायचं आहे. स्टँडवर बस सुटताना तू खिडकीपाशी येऊन म्हणालीस, ‘अप्पा, तुमी म्हणाल तसं. तुमी ये म्हणलाव तर येते.’ आणि मी खिशात तिकीट शोधायला लागलो. तिकीट हातातच होतं. ‘घरी जाऊन कळवतो,’ एवढंच म्हणालो आणि बस सुटली म्हणून बसवेश्वरांचे आभार मानले.

कळवतो. पण आधी येळवशीचं लिहू दे. इथं जो तो विचारतो आणि दर वेळी माझ्या सांगण्यात समुद्र हातभर वाढतो. काल कोंडीरामाच्या दुकानात सांगताना तर तो आपल्या कडुनिंबाएवढा झाला. एकदा खरं खरं लिहून ठेवतो.

सलग तीन वर्षं तू येळवशीला आली नाहीस. येळ अमावास्येला सारा लोहारा कुलूप लावून शेतात जातो, तहसिलात कुत्रं सापडत नाही, परका वाटसरूसुद्धा हाताला धरून जेवायला बसवतात, आणि आपलीच लेक कोकणात खडकावर कासवांची वाट बघत बसलेली. यंदा तुझी आई म्हणाली, ‘लेक येत न्हाय तर येळवस तिकडं न्हेऊ.’

मी म्हणालो, ‘तिथं कुठलं आलंय शेत?’

‘ती राखती ते तिचं शेतच की.’

बायकोचं हे असलं व्याकरण मला पटत नाही, तरी मी चटकन तयार झालो. का, ते तुलाही कळलं असेल. मी येळवशीला येत नव्हतो, मी तुला न्यायला येत होतो. माडीवरच्या खोलीला रंगही देऊन झाला होता. खिडकी मोठी केली. तुझी पुस्तकं मावतील असं फडताळ सुताराकडून करून घेतलं. संक्रांतीला पोरगी येणार, असं मी अर्ध्या गावाला सांगूनही ठेवलं होतं.

पांडवांवर उभारायच्या खोपटासाठी, आपल्या कोपीसाठी, कडब्याच्या पाच पेंढ्या बसमध्ये चढवल्या तेव्हा कंडक्टर म्हणाला, ‘मामा, वैरण चढवली, आता जनावर कुठाय?’ तुझ्या आईनं माझ्याकडं बोट केलं. कोल्हापूरपर्यंत तो कंडक्टर मला बघून हसत होता.

अमावास्येला पहाटे तू गस्तीला गेलीस. जाताना बजावलंस, ‘घरमालकिणीच्या परसात मांडा, पाण्याकडं जाऊ नका.’ आता मला सांग, परसात कुणी येळवस करतं का? येळवस मोकळ्या रानात. आणि खाली केवढं रान पडलं होतं! काळाभोर, सपाट कातळ, पार लांबवर. समुद्र तर कुठल्या कुठं मागं सरकलेला. आमचा हिशेब साधा. जिथं पाणी नाही ती जमीन. आमच्याकडं गेलेलं पाणी त्याच दिवशी परत येत नाही, राजू. कधी कधी त्या वर्षीही येत नाही.

कातळाच्या भेगेत पेंढ्या उभ्या केल्या, वर शेंडे बांधले, शाल पांघरली. आत पाच दगडांचे पाच पांडव मांडले. चुना-कावेनं रंगवलेलं आंबिलाचं मडकं, आपली बिंदगी, ठेवली. भज्जी, उंडे, खिचडा, तिळाच्या पोळ्या, सगळं मांडलं. मी पळसाच्या पानानं आंबील शिंपडत ‘वलगे वलगे सालम पलगे’ म्हणत फेरी घालू लागलो. पीक नव्हतं म्हणून कातळाभोवतीच घातली. लांब कालवं काढणाऱ्या बायका काम टाकून माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, कौतुकानं बघतात.

तळव्याला गार लागलं तेव्हा वाटलं आंबील सांडलं. खाली बघतो तर पाणी. वळून कोपीकडं बघतो तर तिच्यात पाणी. मी बिंदगी धरायला धावलो, आणि तेवढ्यात वरून तुझा आवाज आला.

‘अप्पा! मागं फिरा! बिंदगी सोडा! मागं!’

मी फिरलो. बिंदगी उचलायला हातभर अंतर होतं, तरी फिरलो. तू खाकीत, हातात काठी, मी बांधावरून पळावं तशी शेवाळावरून पळत आलीस. एका हातानं आईला धरलंस, दुसऱ्या हातानं मला, आणि आम्हाला वर चढवलंस. मागं आपली कोप आडवी झाली. बिंदगी मात्र उभीच्या उभी तरंगत चालली. तुझी आई गुडघ्यापर्यंत भिजलेली, हात जोडून म्हणाली, ‘घ्या पांडवांनो, यंदा दर्यालाच जेवू घाला.’ आणि ती हसायला लागली. मग तू. मग मी. पोटात कळ येईपर्यंत मी शेवटचा कधी हसलो होतो, आठवत नाही.

हसणं थांबलं तशी तू म्हणालीस, ‘आता कडबा गोळा करायचा. हे अभयारण्य हाय, अप्पा. एक काडी ऱ्हायाला नको.’

मी म्हणालो, ‘ओहोटीला माणूस लावू.’

‘माणूस न्हाय. तुमी मांडली, तुमीच काढायची.’

कमरेचं दुखणं सांगून पाहिलं. तू ऐकलं नाहीस. संध्याकाळी पाणी उतरलं तसा मी धोतर खोचून, वाकून, एकेका डबक्यातून काड्या वेचू लागलो. आणि खरं सांगतो, तू मला वाकवलं नसतंस तर मी समुद्र बघून न बघितल्यासारखा घरी आलो असतो. उभ्या माणसाला तो नुसता काळा दगड. वाकलो तेव्हा दिसलं, एकेका डबक्यात अख्खं शिवार आहे. ते समुद्रफूल, मी काडी काढायला गेलो तर मिटलं, जरा थांबलो तर उमललं. शंखाचं घर पाठीवर घेऊन चाललेला तो खेकडा. हिरवट प्रवाळ, ज्याला मी दगड समजून पाय देणार होतो आणि तू पुन्हा ओरडलीस. लांब पाय हलवत फटीत शिरणारा तो तारामासा. मी काड्या विसरलो. तू आठवण केलीस.

तेवढ्यात ती पाणमांजरं आली. तू माझा दंड दाबलास, गप्प राहा म्हणून. आई, बाप आणि पोरं, खडकावर लोळत, एकमेकांना ढकलत, माशासाठी भांडत. त्यातलं एक पोरगं आपल्या कडब्याची काडी तोंडात धरून पळालं आणि बाकीची त्याच्यामागं. मी हळूच म्हणालो, ‘ती काडी राहिली. आता काय करू, नोटीस देऊ का?’ तू तोंड दाबून हसलीस.

वरच्या सड्यावर, त्या माथ्यावरच्या सपाट कातळावर, तू ती फट दाखवलीस, तेव्हा मी थोडा रागातच होतो, हे कबूल. एवढं चढवलंस आणि दाखवलंस काय, तर वाळकी काडी. तिचं नाव तू सांगितलंस, ते माझ्या जिभेवर बसत नाही. पावसाळ्यात पांढरं फूल येतं आणि जगात असल्या समुद्राकाठच्या कातळांवरच येतं, असं म्हणालीस. मला वाटलं, बिचारं उपाशी आहे. शेतकऱ्याचा जीव, म्हणालो, ‘आपली काळी माती पाठवतो पोतंभर.’

‘कुजंल, अप्पा. रोपवाटिकेत लावून बघितलंय. चांगल्या मातीत कुजतंय.’

तुझ्या आईनं लगेच माझ्याकडं बघितलं. मी समुद्राकडं बघितलं.

पण राजू, तू झाड नाहीस. तू आपल्या काळ्या मातीत वाढलीस, शिकलीस, कुजली-बिजली नाहीस. झाडावरून माणसाचा निकाल लावणाऱ्यांतला मी नाही. तुझी आई आहे. येताना अख्ख्या वाटेत तिनं मला ते झाड ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या पिठाची तिनं पुन्हा भज्जी रांधली आणि त्या कालववाल्या बायकांना परसात जेवायला बसवलं. समुद्राकाठी राहून मासळी न खाणारी माणसं त्यांनी पहिल्यांदा पाहिली, पण भज्जी मागून मागून खाल्ली. त्यांतली एक म्हातारी मला म्हणाली, ‘तुमचा चेडू आता आमचा आसा.’ चेडू म्हणजे पोरगी, एवढं तोवर मला कळलं होतं. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी तिला आणखी एक उंडा वाढला.

आणि मग ते स्टँड. मला सतावतंय ते तिथलंच.

कातळावर तू मला ‘मागं फिरा’ म्हणालीस, तेव्हा तुझा आवाज मी ओळखलाच नाही. जन्मात तू माझ्यावर आवाज चढवला नव्हतास. मी म्हणेन ते खायचं, मी म्हणेन त्या कॉलेजात जायचं. नोकरीचा कागद आला तेव्हाही दाराआड उभी राहून ‘जाऊ का’ म्हणून विचारलंस. मी गावभर सांगायचो, पोरगी किती गुणाची, बापाच्या शब्दाबाहेर नाही. तीच पोरगी त्या खडकावर हुकूम सोडत होती, आणि कालवं काढणाऱ्या बायका, होडीवाले, मी, सगळे ऐकत होते. तोंडावर काय तेज होतं तुझ्या! मला माझ्याच लेकीचा धाक वाटला आणि छाती भरून आली.

आणि स्टँडवर आलीस, तर पुन्हा ‘तुमी म्हणाल तसं’. मान खाली. पायाचा अंगठा मातीत. लोहाऱ्याकडं जाणारी बस दिसल्याबरोबर तू लोहाऱ्याची झालीस. तिकीट मी उगाच शोधत नव्हतो. मला तुझ्याकडं बघवत नव्हतं.

तुला काय हवंय ते तू एकदाही बोलली नाहीस. त्यावरूनच कळलं.

आता ऐक. मला तू इथं हवी आहेस. हे लपवून पत्र लिहिण्यात अर्थ नाही. संध्याकाळी पडवीत बसलो की तुझी फार आठवण येते. वरची खोली दिसली की मी दार ओढून घेतो. तू आलीस तर मी गल्लीत पेढे वाटीन. पण ती खाली मान घालणारी राजू परत येईल, आणि मला ओरडणारी तिथंच कातळावर राहील, याची मला खात्री आहे. मला ती ओरडणारी गमवायची नाही. एवढ्या उशिरा तर भेटली.

तेव्हा येऊ नकोस. राहा. जागेला नाही म्हणून कळव, संक्रांतीची वाट बघू नकोस. गावाला काय सांगायचं ते मी सांगेन. नाही तरी समुद्राच्या गोष्टीपुढं दुसरं कुणी काही ऐकत नाही.

तुझी आई मागं उभी राहून वाचते आहे. ‘लिव्हलं,’ म्हणाली. मग पदर डोळ्याला लावून आत गेली, आणि आता आतून तिचं गाणं ऐकू येतंय. दोन्ही एकदम कसं जमतं तिला, कोण जाणे.

तू विचारलंस म्हणून हे एवढं सांगितलं. यापुढं विचारायचं नाही. लग्नाचं असो, बदलीचं असो, कशाचंही असो, तू ठरवायचंस आणि आम्हाला नुसतं कळवायचंस. चुकलीस तर आम्ही आहोत. आणि आम्ही चुकलो तर तिथून जसं ओरडलीस, तसं ओरडायचं.

मी मागं फिरेन.

तुझा आज्ञाधारक,
अप्पा