हिराबाईंचं स्टूल

नाशिक, मंगळवार, १७ नोव्हेंबर १९९८

चार दिवस वॉर्डातल्या आयाबाईंच्या लोखंडी स्टुलावर बसून कंबरेचे हाल झालेत; निषेध इथे नोंदवून ठेवतो.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून येणारे-जाणारे सगळे तिला बजावत होते, "हलू नका." मीसुद्धा. मूळच्या पेठ तालुक्यातल्या आयाबाई हिराबाई मात्र म्हणाल्या, "भाऊ, निजून ऱ्हायल्या तं पायात रगत गोठंल. छातीत गेलं मंग?" मी त्यांना 'डॉक्टरीणबाई' म्हणून हिणवलं. संध्याकाळी डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि रक्त गोठू नये म्हणून पोटात इंजेक्शनं सुरू केली.

आज आई वॉकर धरून दारापर्यंत गेली. वळून मला म्हणाली, "ऊठ, आता तुझंच रक्त गोठायचं."

चार दिवस हिराबाई कुठे बसल्या असतील?

स्टूल पुसून त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "बसा, डॉक्टरीणबाई. चुकलं माझं."