सर्दीबाईंना एक तारा

४ फेब्रुवारी
आजपासून निश्चय. महिन्याला चार ऑडिओबुकं ऐकायची. दोन्ही डोळे चष्म्याच्या दुकानात खर्ची पडतात, कान मात्र नुसते पडून आहेत. अ‍ॅपची वर्षाची वर्गणी भरली. ही म्हणाली, हे बाबांसाठी घेतलंय, लक्षात आहे ना? आहे की! सासऱ्यांची नजर गेल्या वर्षी गेली. माझ्या दुकानातली एकही लेन्स त्यांच्या उपयोगाची नाही. पण म्हणून कुणीही काहीही त्यांच्या कानात ओतायचं का? आधी कुणीतरी जाणकाराने मालाची तपासणी करायला नको? ती जबाबदारी मी उचलली आहे. प्रत्येक पुस्तकावर प्रामाणिक अभिप्राय लिहिणार. भीडभाड नाही. टोपणनाव ठरलं: परखड कान.

६ फेब्रुवारी
पहिलं पुस्तक: पहाटे उठून आयुष्य कसं बदलावं. वाचणारे गृहस्थ गाडी उशिरा सुटणार असल्याची घोषणा करावी तसे वाचतात. दुसऱ्या प्रकरणात मुद्दा कळला, बंद केलं. दोन तारे. हिने विचारलं, पूर्ण ऐकलंत का? म्हटलं, चहात साखर आहे की नाही हे कळायला अख्खी किटली संपवावी लागत नाही. यावर तिने मला किटली घासायला दिली. संबंध कळला नाही.

११ फेब्रुवारी
पहाटे उठायचं राहून गेलं. ऐकणं मात्र जोरात चालू. एक वाचक दर वाक्यानंतर आवंढा गिळतात. त्यांच्या घशाची रचना आता मी कागदावर काढून दाखवू शकतो. दुसरे बायकांचे संवाद बारीक आवाजात वाचतात. त्यांची नायिका प्रेमात पडली की कुकरची शिट्टी अडकल्यासारखं वाटतं. कवितांवाले तर इतके थांबतात की बॅटरी संपली समजून मी दोनदा फोन चार्जिंगला लावला. सगळ्यांना लेखी कळवलं आहे. आता सुधारणं न सुधारणं त्यांच्या हातात.

१५ फेब्रुवारी
दुकानात किरकोळ प्रकार. एका कानात पुस्तक चालू होतं. नायिका नायकाला सोडून चालली होती. समोर एक बाई वाचायचा चष्मा मागत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, आता फार उशीर झालाय. बाई घाबरल्या. म्हणाल्या, एवढे खराब झालेत का डोळे? मालक काउंटरवरून उठून आले आणि कामाच्या वेळी कानात काही नको म्हणाले. मी लगेच काढलं. (डाव्या कानातलं. पुस्तक उजव्यात होतं.)

२० फेब्रुवारी
सासरे सध्या एक रहस्यमालिका ऐकतात. जेवण झालं की बाहेरच्या खोलीत स्पीकर लावतात, तो चहापर्यंत. गुप्तहेर आहे एक निवृत्त गुरांचा डॉक्टर. पहिल्या भागात गावातल्या घड्याळजीचा खून होतो आणि पाचवा भाग संपत आला तरी खुनी मोकळाच. आमच्याकडे लेन्स घासणारा आहे, तोसुद्धा याहून लवकर काम करतो, आणि तो लवकर काम करत नाही.

पण खरा गुन्हा निराळाच आहे. वाचणारी बाई. नाक कायमचं चोंदलेलं. मृतदेहाला बृतदेह म्हणते. मी तिचं नाव सर्दीबाई ठेवलं आहे. सासरे मात्र समोर पाहुणा बसलाय अशा थाटात स्पीकरकडे तोंड करून बसतात. आज मला म्हणाले, जावईबापू, ही बाई श्वास बरोबर जागी घेते. म्हटलं, श्वास काय, सगळेच घेतात. तर स्पीकरकडे बोट करून म्हणाले, शू! औषधवाला येतोय.

२२ फेब्रुवारी
सर्दीबाईंवर अभिप्राय लिहिला. ‘या बाईंना आधी वाफ द्यावी, मग पुस्तक.’ एक तारा. शून्य देण्याची सोय नाही, कंपनीने याचा विचार करावा. हिला मोठ्याने वाचून दाखवला. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. विचारी माणसं पटलं की गप्प बसतात.

प्रत्येक भागावर स्वतंत्र अभिप्राय लिहिण्याचा निश्चय.

१० मार्च
पाचही भागांवर लिहून झालं. भाषा चढत्या क्रमाने कडक. चौथ्यात ‘श्रोत्याच्या कानाला माणुसकी नसते काय?’ असं वाक्य आपोआप उतरलं आहे. अजून कुणाचंच उत्तर नाही. मोठ्या लोकांना वर्मी लागलं की ते वाचलंच नाही असं दाखवतात.

१४ मार्च
विजय! सहावा आणि शेवटचा भाग आला, आणि सर्दीबाई नाहीत! त्यांच्या जागी कॉम्प्युटरचा आवाज. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की आधीच्या वाचक आता आमच्यासोबत नाहीत. एका साध्या श्रोत्याने लेखणी उचलली तर काय होऊ शकतं! दुकानात आरशांना तोटा नाही. त्यातल्या एकात स्वतःला छोटासा सलाम केला. नेमके मालक मागे उभे होते.

१५ मार्च
चहाच्या वेळी हिला सांगितलं की हे माझं काम. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, बाबांच्या बाईंना तुम्ही घालवलंत? म्हटलं, प्रश्न व्यक्तीचा नाही, दर्जाचा आहे. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. दर्जासाठी किंमत मोजावी लागते.

१६ मार्च
सासऱ्यांनी नवा आवाज लावून पाहिला. थोड्याच वेळात बंद केला. म्हणाले, याने पुस्तक वाचलेलं नाही, नुसतं उच्चारलंय. रात्री ताटातलं अर्धं तसंच ठेवून उठले.

१७ मार्च
सासऱ्यांना रात्रभर झोप नाही. ही सकाळी म्हणाली (भिंतीकडे बघून, पण खोलीत मीच होतो) की ते पहाटेच कपडे करून बसले होते, सकाळ झाली समजून. तिला म्हणाले, मला सगळा वेळ अंधारच गं, कुठे काय सुरू होतं ते कळत नाही. ती बाई सुरू झाली की दुपार असायची, आणि थांबली की चहा.

मला काय ठाऊक? अभिप्रायाच्या चौकटीत ‘घरात कुणी हिच्यावरून घड्याळ लावतं का?’ असा रकाना नसतो.

दुकानात दिवसभर कानात काही घातलं नाही. मालकांनी तब्येत विचारली.

१८ मार्च
मोठ्या मनाने कंपनीला लिहिलं. माझे शब्द जरा जास्तच धारदार होते हे मान्य, एका कलावंताचं करिअर संपवण्याचा हेतू नव्हता, बाईंना सन्मानाने परत बोलवावं, मी माझा एक तारा मागे घेऊन दोन द्यायला तयार आहे. (तीन लिहिले होते. मग तत्त्व आठवलं.)

२१ मार्च
उत्तर आलं. इतकं गोड की आधी शंकाच आली. त्या बाईंनी गेल्या वर्षीच काम सोडलं, स्वखुशीने. आता पोहण्याचे वर्ग चालवतात आणि छान चाललंय. म्हणजे मी पहिला अभिप्राय लिहिला तेव्हा त्या पाण्यात होत्या. पुढे लिहिलंय की आपण खातं उघडताना ई-मेलची पडताळणी पूर्ण केली नसल्यामुळे आपला एकही अभिप्राय आजवर प्रसिद्ध झालेला नाही. त्याखाली आभार.

एकही नाही. घशाच्या रचनेचा नाही, कुकरच्या शिट्टीचा नाही, माणुसकीचाही नाही.

हिने फोन हातातून घेऊन वाचलं. आठवडाभरात पहिल्यांदा हसली. चांगली पोट धरून हसली, पाणी प्यायली आणि परत हसली. मग वडिलांना सांगायला गेली. मी निर्दोष सुटलो. आनंद व्हायला हवा होता.

पडताळणी पूर्ण करून टाकली. आता मात्र लिहावंसं वाटेना.

२२ मार्च
उपाय सापडला, आणि तो इतके दिवस आरशात दिसत होता. सहावा भाग मी वाचणार! स्वतः, समोर बसून. छापील पुस्तक विकत आणलं. इतकं ऐकल्यावर वाचन कसं नसावं हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? कोमट पाण्याच्या गुळण्या सुरू. दुकानात अक्षरांच्या तक्त्यावर सराव केला. शेवटची बारीक ओळ मी अशी म्हटली की गिऱ्हाइकाला डोळे मिटूनही ती आली. मालक म्हणाले, तुम्ही वाचू नका, त्यांना वाचू द्या.

२३ मार्च, संध्याकाळ
पहिलं वाचन, दिवेलागणीला. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज दिला. गुरांच्या डॉक्टरला खर्ज, घड्याळजीच्या विधवेला बारीक. सासऱ्यांनी थांबवून विचारलं, त्यांच्याकडे पोपट आहे का? म्हटलं, ती विधवा. म्हणाले, जावईबापू, साधं वाचा हो, मी बाकीचं करून घेतो. साधं वाचलं. चौथ्या पानापासून इतके रंगले की डोळे मिटून मान एका बाजूला टाकून ऐकत होते. अकराव्या पानावर अलगद घोरू लागले. समाधी म्हणतात ती हीच.

२६ मार्च
रोज विचारतात, आपण कुठे होतो? मग स्वतःच सांगतात, विधवा दार उघडते तिथे. ते चौथं पान. मी चौथ्यापासून वाचतो. अकराव्याला समाधी.

गुळण्यांनी की कशाने, मला सर्दी झाली आहे. वाचनात खंड पडू दिला नाही. ‘बृतदेह’ असं स्पष्ट ऐकू आलं. ते बाहेर कुणीतरी म्हणालं असावं.

३० मार्च
चार ते अकरा ही पानं पाठ झाली. बारावं अजून पाहिलेलं नाही. सासऱ्यांचा रंग पुष्कळ सुधारला. जेवतात, सकाळ कुठली ते त्यांना बरोबर कळतं, आणि संध्याकाळी माझ्या खुर्चीकडे तोंड करून आधीच बसलेले असतात. आज वाचताना आवंढा गिळला. माझाच. ऐकू आला. त्या आवंढा गिळणाऱ्या वाचकांना मी एक तारा दिला होता, तो आता थोडा कमी वाटतो.

५ एप्रिल
आज सासऱ्यांनी स्वतःहून विचारलं: जावईबापू, तुमच्या आवाजाचं रेकॉर्डिंग मिळेल का? तुम्हाला दुकानात उशीर झाला तर असावं जवळ.

मिळेल का!! बेडरूमचं दार-खिडक्या लावून, अंगावर गोधडी घेऊन दुपारभर रेकॉर्डिंग केलं. ही बाहेर बाबांजवळ बसली होती. सगळं पुस्तक करतो म्हटलं, तर नको म्हणाले, चार ते अकरा पुरे. जाणकार श्रोता निवडक मागतो.

६ एप्रिल
मालकांना सूचना देऊन ठेवली की स्टुडिओच्या कामासाठी मला कधीही दुकान सोडावं लागेल. ते म्हणाले, कळवा म्हणजे झालं. मग म्हणाले, उद्यापासून जमणार असेल तरी हरकत नाही. किती मोठ्या मनाचा माणूस!

१० एप्रिल
सासऱ्यांचे डॉक्टर घरी येऊन गेले. झोपेची गोळी निम्मी केली. आठवड्याने बंदच करू म्हणाले. विचारत होते, नवीन काय सुरू केलंत? हिने माझ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी मला निरखून पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. माझ्या मनात एक शंका आली. मी ती झटकली.

११ एप्रिल
जिन्यात वरच्या मजल्यावरची शेजारीण भेटली, कडेवर बाळ. म्हणाली, तुमचे उपकार कसे फेडू? वहिनींनी तुमचं रेकॉर्डिंग पाठवलं आणि आमच्या घरात शांतता आली. हा सहाव्या पानापुढे जातच नाही. आणखी पानं आहेत का म्हणून विचारत होती. बाळाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नमस्कार. त्याने जांभई दिली.

हिला जाब विचारला. म्हणाली, अहो, त्या बाईला दोन महिने झोप नव्हती, तुमच्याकडे औषध होतं, दिलं. म्हटलं, औषध? ती कला आहे! म्हणाली, असू दे की, गुण आला ना?

१२ एप्रिल, दुपार
आज सोक्षमोक्ष लावायचाच. सासऱ्यांना सरळ विचारलं, तुम्हाला घड्याळजीचा खून कुणी केला हे जाणून घ्यायचं नाही का? ते म्हणाले, औषधवाल्याने. त्या दिवशी तुम्ही गोधडीत होता ना, तेव्हा लेकीने मोबाइलवर पुस्तक उघडून शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. छान वाचते पोर, एका दमात झालं.

मग मी रोज कशासाठी वाचतो?

त्यांनी माझा हात शोधून धरला. म्हणाले, ती बाई वाचायची तेव्हा पुढे काय होणार याची धाकधूक असायची. तुम्ही वाचता तेव्हा काहीच होत नाही. तुम्ही दुकानातून आलात, बसलात, तुमचा घसा साफ झाला, की मला कळतं, दिवस संपला. आता जागं राहून काही राखायला नको. मग झोप येते. रेकॉर्डिंगने पण येते, पण तुम्ही बसल्यासारखी नाही.

हा अभिप्राय किती ताऱ्यांचा समजायचा, ते कळेना. म्हटलं, संध्याकाळी येतो.

१३ एप्रिल, सकाळ
काल वेळेवर पोचलो. विधवेने दार उघडलं. पाचव्या पानाला सासरे झोपले. मी ठरवलं, आज थांबायचं नाही, निदान स्वतःसाठी तरी पुढे जायचं. अकरावं संपवलं. बारावं पान पहिल्यांदाच उघडलं, छान मोठ्या आवाजात सुरुवात केली, आणि त्यापुढचं मला आठवत नाही.

ही सांगते, दोघंही एका सुरात घोरत होतो. तिने पुस्तक काढून घेतलं, दिवा घालवला आणि एकटी जेवली. मला का उठवलं नाही विचारलं, तर म्हणाली, अहो, किती दिवसांनी घरात बाबा आणि तुम्ही, दोघंही एकदम शांत होता.