काठावरची साखर

९ जानेवारी
रिपोर्ट आले. किडनी देण्यासाठी दादाशी रक्तगट जुळला! बँकेत, कामावरच डोळे भरून आले. मग खालच्या ओळी. उपाशीपोटी साखर ११४, एचबीए१सी ६.१. पुढे लिहिलंय, प्रीडायबेटिस. मला तर काहीच होत नाही. ना तहान, ना थकवा.

१२ जानेवारी
सिव्हिल लाइन्सच्या डॉक्टरबाईंकडे. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी परत रक्त दिलं. १५८. म्हणाल्या, "डायबिटीज़ नहीं है, पर रास्ता वही है." एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी, आदल्या दिवशी उपास करून ती फसत नाही. किडनी दिल्यावर मधुमेह झाला तर उरलेल्या एकीवर सगळा भार. "घर में किसी को है?"
भावाला, म्हटलं. त्याच्या किडन्या साखरेनेच गेल्या.
बाई लिहिता लिहिता थांबल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणाल्या. दादाकडे तेवढे महिने...

१३ जानेवारी
अभयशी भांडण. "उद्या तुझं तसं झालं तर तुला कोण देणार?" नवरा म्हणून बरोबरच बोलला. म्हणूनच जास्त राग आला.

२१ जानेवारी
नागपूरहून दादाचा फोन. डायलिसिसहून नुकताच आलेला, आवाज ओढलेला. "मलाही असंच काठावर आहे म्हणाले होते, मेघा. मी हसण्यावारी नेलं. तू नको नेऊ. अन् तुझी किडनी मला नको. समजलं नं?" ठेवला.
मग वहिनीचा, दबक्या आवाजात. "त्यांचं नको ऐकू गं."
कुणाचं ऐकू?

८ फेब्रुवारी
रोज चालते. अभय बोलत नाही, पण सोबत येतो. भात, बिस्किटं कमी. बँकेत गजक, ही इकडची तीळगुळाची वडी, फिरली. शेजारच्या टेबलाचे शर्माजी, "एक से क्या होता है, मॅडम?" उगाच खेकसले त्यांच्यावर. नंतर वाईट वाटलं.

१४ एप्रिल
उपाशीपोटी १०३. एचबीए१सी ५.८. उतरलं, पण अजून काठावरच. बाई खूश. किडनीबद्दल मात्र, "नागपुर की टीम तय करेगी." धोका कमी झालाय, गेला नाही. हे दोनदा सांगितलं त्यांनी.
मग अभय म्हणाला, "मीही नागपूरला येतो. सही करण्याआधी त्यांना सगळं विचारणार."

१७ एप्रिल
दादाचा फोन. "भेटायला येऊन राहिली नं? फक्त भेटायला ये."
हो म्हटलं.
रिपोर्टची फाईल बॅगेत सगळ्यात वर ठेवलीय.