एप्रिलअखेर व्ही शेप

५ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. जिमचा ट्रेनर म्हणाला, काय खाता ते लिहून ठेवत जा. मी ठरवलं, खाणं लिहीनच, शिवाय शरीरात होणारे बदलही लिहीन. पुढे कुणी विचारलं तर पुरावा हाताशी असावा. कोण विचारणार, ते अजून नक्की नाही.

उद्दिष्ट : व्ही शेप. वर रुंद, खाली निमुळता.
मुदत : एप्रिलअखेर.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी बायको येणार आहे. नोव्हेंबरपासून ती तिच्या थोरल्या बहिणीकडे आहे. उन्हाळ्याचे कपडे न्यायला येते म्हणाली. पुढचं पुढे बघू, असंही म्हणाली. म्हणजे मला बघून ठरवणार. सरळ आहे.

छाती अडतीस. कंबर अडतीस. मास्तरांनी माप घेतलं. मास्तर म्हणजे आमच्या दुकानात आल्टरेशन करणारे. म्हणाले, एकदाच टेप लावली असती तरी चाललं असतं.

सकाळी उकडलेली अंडी. दुपारी उकडलेली अंडी. रात्री भूक नव्हती. हल्ली नसतेच. डाएटला फायदाच आहे.

६ मार्च
मुळात ही का गेली, याचा शांतपणे विचार केला. जाताना म्हणाली होती की तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. तुला काही होतच नाही का, असंही दोनदा विचारलं. मी त्या वेळी जुना बनियन घालून बसलो होतो. पोट दिसत होतं. माझ्या मते चूक तिथे झाली. भरलेल्या छातीचा माणूस गप्प बसला तर लोक त्याला गंभीर म्हणतात. पोट सुटलेला गप्प बसला तर तो नुसताच बसलेला असतो.

पुरावा आहे. त्याच आठवड्यात टीव्हीवर पोहण्याच्या स्पर्धा लागल्या होत्या. एक जण पाण्यातून बाहेर आला. खांदे दाराएवढे. ही म्हणाली, बघ ना, किती छान. मी बघितलं. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी शेंगदाणे खात होतो.

९ मार्च
जिम. ट्रेनर मला काका म्हणतो. सीनियर मेंबरला तिथे मानाने तसं म्हणत असावेत. बाकी कुणाला म्हणताना ऐकलं नाही.

त्याने डंबेल हातात देऊन विचारलं, जळजळ होतेय का? मी नाही म्हटलं. त्याने वजन वाढवलं. आता? नाही. आणखी वाढवलं. नाही. तो म्हणाला, काका, काहीतरी व्हायला पाहिजे. ताकद माझ्यात मुळातच असणार.

१४ मार्च
दुकानात नवा पुतळा आला. पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानात शोकेस लावायचं काम मी लग्नाच्या आधीपासून करतोय, पण असा पुतळा पाहिला नव्हता. दंड मांडीएवढे. पोटावर लाद्या बसवल्यासारखे चौकोन. डोकं नाही. मालक त्याला पैलवान म्हणतात.

आता शोकेसमध्ये तिघे. पैलवान, मधला आणि साहेब. साहेब सगळ्यात जुना. त्याचा एक हात कधीच गेलाय, त्यामुळे ती बाही खिशात खोचून ठेवतो. पोट थोडं पुढे. मालकांनी दोनदा टाकायला सांगितलं. राहून गेलं.

पैलवानाला कपडे घालणं म्हणजे डोकेदुखी. खांद्याला बसणारा शर्ट कमरेला तंबू होतो. मग मागून कापड गोळा करायचं आणि पाठीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत चिमटे लावायचे. समोरून एकदम फिट. म्हणूनच शोकेसमधल्या पुतळ्याची पाठ कायम भिंतीकडे असते. हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं.

१८ मार्च
सर्व्हे सुरू केला. एकच आकाशी शर्ट रोज वेगळ्या पुतळ्याला घालायचा आणि बायका कुणापाशी थांबतात ते बघायचं. अंदाजाने चालण्यापेक्षा शास्त्रीय पद्धत बरी.

पहिला दिवस पैलवान. बऱ्याच जणी थांबल्या. हसल्या. एकीने मैत्रिणीला कोपराने ढोसून दाखवलं. प्रतिसाद उत्तम. पुरुषही थांबले, पण ते हसले नाहीत. पोट आत घेऊन पुढे गेले.

२१ मार्च
आज शर्ट साहेबाला. विशेष कुणी थांबलं नाही. फक्त तीन शर्ट विकले गेले. तिन्ही बायकांनी नवऱ्यासाठी घेतले. एका आजींनी तर आत येऊन साहेबाची कॉलर नीट केली आणि खिशात खोचलेल्या बाहीवरून हात फिरवला. सहानुभूती असणार. धरलं नाही.

कॅशियर बाईंना थेट विचारलं की बायकांना कसं शरीर आवडतं. त्या पावत्या लावत होत्या. म्हणाल्या, ज्याच्या पोटावर डोकं ठेवून टीव्ही बघता येतो, तसं. त्यांच्या लग्नाला फार वर्षं झाली आहेत. त्यांचं मत धरता येणार नाही.

निष्कर्ष : पैलवान. एकमताने.

२७ मार्च
प्रगती. जिमच्या डाव्या आरशात, ट्यूबलाइटखाली, जरा तिरकं उभं राहिलं आणि उजवा हात कमरेवर ठेवला की व्ही दिसतो. मागे वाट बघणाऱ्या मुलीने विचारलं, काका, तुमचा सेट झाला का? मी म्हटलं, चालू आहे.

प्रोटीन पावडर आणली. चवीला काही नाही. अंड्यांनाही नाही. पूर्वी असायची बहुतेक.

२ एप्रिल, रविवार
ताईंचा फोन. ताई म्हणजे हिची थोरली बहीण. आधी तब्येत विचारली. छाती अडतीसच आहे, पण आतून भरतेय, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, मी तब्येत विचारली होती.

मग विषय निघाला म्हणून मी त्या पोहणाऱ्याचं सांगितलं. ताई म्हणाल्या, अरे, तो हरला होता. सगळ्या लोकांसमोर बायकोच्या गळ्यात पडून रडत होता, आणि हिला ते आवडलं होतं. त्यांच्याकडे गेल्यावर हिने त्यांना सगळं सांगितलं म्हणे.

ताईंना खेळातलं काही कळत नाही. हरलेल्या माणसाचे खांदे कोण बघेल?

पुढे म्हणाल्या, तुझी आई गेल्यावर तू एकदा तरी हिच्याजवळ बसायचं होतंस. आईंचं सगळं तिने केलं, आणि नंतर स्वयंपाकघरात एकटी रडत बसायची. मी म्हटलं, ताई, त्या आठवड्यात सीझन बदलायचा होता. ते खरंच आहे. आई मंगळवारी गेली. शुक्रवारी नवी शोकेस वेळेवर लागली होती. मालकांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं.

फोन ठेवल्यावर दंडाचे दोन सेट जास्त मारले.

११ एप्रिल
कंबर साडेसदतीस. श्वास रोखून. सदतीस लिहायला हरकत नाही.
कंबर सदतीस.

मास्तरांनी श्वास न रोखता माप घेतलं. त्यांची टेप जुनी आहे. ताणली गेली असणार.

१७ एप्रिल
उजवा खांदा वर जात नाही. बनियन घालताना लक्षात आलं. ट्रेनर म्हणाला, हे आज नाही झालेलं, आठवडाभर तरी दुखत असणार, कळलं कसं नाही? मी म्हटलं, दुखत नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला. कौतुक वाटलं असावं.

आठवडाभर विश्रांती सांगितली आहे. मुदत तोंडावर आली आहे.

२४ एप्रिल
आणीबाणीची योजना. शरीर तयार आहे, फक्त बाहेरून दिसायला वेळ लागतोय. तेवढ्यापुरती मदत घ्यायला हरकत नसावी. शोकेस लावणाऱ्याला हे कळणार नाही तर कुणाला?

आकाशी शर्ट, डबल एक्सएल. मास्तरांकडून कोटाचे शोल्डर पॅड मागून घेतले. कशाला, असं त्यांनी विचारलं. सॅम्पलला म्हटलं. पॅड खांद्याला आतून टाचायचे. जादा कापड मागे गोळा करून चिमटे लावायचे. पोट आत घ्यायचं.

ट्रायल रूममध्ये ट्रायल घेतली. समोरून हुबेहूब पैलवान. बाजूने बघायचं नाही.

३० एप्रिल, रविवार. सकाळ
घर झाडलं. चादर बदलली. आईच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

नियम : १. पाठ भिंतीला. २. दंड अंगापासून थोडे लांब. ३. श्वास आत. ४. वाकायचं नाही. चिमटे सुटतात.

पाठीचे चिमटे स्वतःचे स्वतः लावणं अवघड. कपाटाच्या आरशात बघून लावले. उजव्या खांद्याने ऐन वेळी साथ दिली. सोक्षमोक्ष आजच.

३० एप्रिल. संध्याकाळ
आली होती.

दोन बॅगा होत्या. दारात ठेवल्या आणि थांबली. मी भिंतीला टेकून उभा होतो. या या म्हटलं. स्वतःच्या बायकोला या या म्हणत नाहीत, हे नंतर लक्षात आलं. बॅगा तिथेच राहिल्या. उचलायच्या तर वाकावं लागलं असतं. तिने एक आत ओढली तेव्हा तिला दम लागला. कपडे न्यायला येणारा माणूस रिकाम्या बॅगा आणतो, हेही नंतरच लक्षात आलं.

चहा टाकतोस का, असं तिने विचारलं. आमचा ओटा समोरच्या भिंतीला आहे. चहा करायचा तर पाठ तिच्याकडे झाली असती. तूच टाक म्हटलं. तिने टाकला. साखर कुठे ठेवतोस आता, म्हणाली. मी हनुवटीने दाखवली.

मग ती बोलली. बरंच बोलली. आईच्या औषधाच्या वेळेला अजून जाग येते म्हणाली. उठून बसते, मग आठवतं की आता काही द्यायचं नाही. आईची शाल तिने नेली होती, ती परत आणली आहे म्हणाली. तुझ्यावर चिडून गेले, पण तिकडेही तेच सगळं बरोबर आलं म्हणाली. मला बरंच काही बोलावंसं वाटलं असतं, पण श्वास रोखला की बोलता येत नाही. मी मान हलवत होतो. खांद्यांकडे तिने एकदाही बघितलं नाही.

शेवटी उठली. जवळ आली. मला वाटलं, आता बघेल. तिने डोकं माझ्या छातीवर टेकवलं आणि हात मागे नेला.

हात पाठीवर थांबला. मग एकेक चिमटा चाचपत खाली आला. तिने पहिला काढला. मग दुसरा. हसेल असं वाटलं होतं. हसली असती तर सांगायला कारण तयार होतं. ती हसली नाही. सगळे काढून झाले तेव्हा शर्टाचं पोतेरं झालं होतं, एक पॅड दंडावर उतरला होता आणि पोट बाहेर आलं होतं. मी श्वास सोडला. किती दिवसांनी, कुणास ठाऊक.

तिने विचारलं, “इतका वेळ तू श्वास धरून उभा होतास?”

मी मान हलवली.

ती म्हणाली, “मला वाटलं, तुला मी नकोच आहे.”

चिमटे तिच्या मुठीत होते. डोळे भरलेले होते. आता काहीतरी बोलायचं असतं, एवढं मला कळत होतं. श्वासही मोकळा होता. मी म्हटलं, “जपून. चिमटे दुकानाचे आहेत.”

तिने ते टेबलावर ठेवले. सावकाश, एकाशेजारी एक. शाल बॅगेतून काढून खुर्चीवर ठेवली. मग दोन्ही बॅगा तिनेच उचलल्या. जिना उतरताना एक बॅग पायरीपायरीवर आपटत होती. खाली फाटक वाजेपर्यंत ऐकू येत होतं. मी भिंतीपाशीच उभा होतो. आता तशी गरज नव्हती.

उन्हाळ्याचे कपडे कपाटातच राहिले. विसरली असेल. म्हणजे परत यावं लागेल.

१ मे
चिमटे दुकानात परत ठेवले. पैलवानाला नवा शर्ट घालायचा होता, पण साहेबालाच घातला. बाही खिशात खोचली. कॉलर नीट केली.

संध्याकाळी जिमला गेलो. रोजनिशी लिहितोय म्हणून लिहितो. ट्रेनरने सगळ्यात हलकं डंबेल हातात दिलं आणि सवयीने विचारलं, काही होतंय का?

हो म्हटलं.

त्याने कुठे म्हणून विचारलं. खांदा का, दंड का? मला दाखवता येईना. त्याने डंबेल हातातून काढून घेतलं.

तरी होत होतं.