शिवकन्याचं पहिलं सत्र

प्रेमलाताई,

पालकसभेत तुम्ही विचारलं होतं, "मॅडम, चार महिन्यांत काय शिकून राह्यली माही पोरगी?" एकटीनं चार वर्ग सांभाळून मी इतकी थकले होते, की "सगळं बराबर चाललंय" म्हणून मोकळी झाले.

शिवकन्या तिसरीत हातच्याची वजाबाकी शिकली. ऊसतोडीची गाडी यायला किती दिवस उरले, ते रोज फळ्याच्या कोपऱ्यात मांडते. इंग्रजीत सातही वार पाठ केले अन् मला विचारलं, "फडात संडे कधी असतो, मॅडम?" परिसर अभ्यासात 'माझे घर' काढायला सांगितलं, तर उसाच्या फडावरची पाचटाची कोपी काढली. बाहेर धाकट्या बहिणीची झोळी.

मग मी तुम्हाला चिठ्ठी लिहिली, 'पोरीला आत्याकडं ठेवून जा. शाळा बुडवू नका.' तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून शाळेच्या दारातच ती तुम्ही शिवकन्याच्या हातात दिली. तिनं खणखणीत वाचलं, "पोरीला संगं घेऊन जा. थंडीचे कपडे घ्या." तुम्ही मला हात जोडले.

मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण तिनं माझ्याकडं पाहिलं. तुम्ही मोळ्या बांधताना धाकटीला कोण घेणार, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

हे पत्रही तीच वाचणार, म्हणून ते माझ्या कपाटातच राहील. प्रगतिपुस्तकात वाचनासाठी मी तिला अ-१ श्रेणी दिली आहे.

तुमच्या शिवकन्याची मॅडम,
नसरीन