सायलीचा सीव्ही आणि माझा बायोडाटा

मंगळवार, संध्याकाळ

सायली नवी नोकरी बघतेय. आज तिने मला तिचा सीव्ही वाचायला दिला. "बाबा, कुठे बढाई वाटते का तेवढं सांगा." मला वाटलं, नाव, शिक्षण, नोकरी, झालं.

वाचता वाचता चहा गार झाला. न्हावा शेवा बंदराला जहाज लागलं की कुठला कंटेनर कुठे चढवायचा, हे माझी पोरगी ठरवते! वजन चुकलं तर अख्खं जहाज कलतं. पावसाळ्यात एका अडकलेल्या जहाजाची सगळी मांडणी तिने रातोरात बदलली, म्हणून ते वेळेत सुटलं. त्या सकाळी घरी येऊन नुसते पोहे मागितले आणि झोपली.

हे सगळं सीव्हीत कशाला, असं मी विचारलं, तर हसली. "सीव्हीत नुसतं पद लिहून भागत नाही, बाबा. आपल्यामुळे काय झालं, ते लिहायचं असतं."

आणि तिच्या लग्नाचा बायोडाटा मी केलाय. वर गणपती, खाली रास, उंची, वर्ण, मामांचं गाव. पुढे, नोकरी: खाजगी. एवढंच. नोकरी: खाजगी! कमाल आहे माझी.

उद्या तो जासईच्या स्थळाला पाठवायचाय. बायकोला म्हटलं, त्याच्याऐवजी हा सीव्हीच पाठवतो.

ती घाबरली. "नको वं! त्यांना वाटंल, ही पोरगी आपल्या पोराला झेपायची नाय."

मग तिने माझा गार चहा पुन्हा गरम करायला ठेवला आणि म्हणाली, "पाठवाच."