थोरेसनांच्या घरातली मोजणी आणि रस्त्यालगतचा चार एकरांचा पट्टा

मी, एव्हिस मार्गारेट थोरेसन, वय वर्षे ८२, निवृत्त परिचारिका, कै. मर्ल थोरेसन यांची पत्नी, राहणार एल्म क्रीक, आयोवा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे हृदय थकले आहे, डोके नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला भरीस घालण्याचा प्रयत्न दोघांनी केला, एकाने काही मिळावे म्हणून आणि दुसऱ्याने काही मिळू नये म्हणून. दोघांचेही मी ऐकलेले नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. कलमे वकीलबाई लोइस हॅगर्टी यांनी आखून दिली आहेत, मधला मजकूर माझा आहे. त्यांनी तो दोनदा खोडला, मी तीनदा परत लिहिला.

कलम १. माझ्या पश्चात सर्व व्यवस्था लोइस हॅगर्टी यांनी पाहावी. त्यांच्या मेहनतान्यावरून कोणी कुरकुर करू नये. त्यांनी माझे इतके ऐकून घेतले आहे की तो कमीच पडेल.

कलम २. राहते घर, कोठार आणि घरामागची शेतजमीन (कलम ६ मधील पट्टा वगळून) माझा भाचा कर्टिस याला द्यावी. कर्टिस विमा विकतो. शेती तो करणार नाही, सगळे लिलावात काढील, हे मला ठाऊक आहे. काढू दे. मर्ल गेला त्या हिवाळ्यात दर शनिवारी दोन तास गाडी चालवून तो दारातला बर्फ काढायला येत असे, आणि काम झाल्यावर लगेच न निघता माझ्याशी पत्ते खेळत बसे. त्याचे उपकार मी विसरलेले नाही.

कलम ३. बँकेतील शिल्लक आमच्या तालुक्याच्या दवाखान्याला द्यावी. तिथल्या बाळंतपणाच्या खोलीत मी एकतीस वर्षे काम केले. ती खोली बंद झाली तेव्हा दवाखान्याने मला तिच्या दारावरची पाटी भेट दिली. ती पाटी मला नको आहे. तीही परत करावी.

कलम ४. चाळीस कपांचे कॉफीचे भांडे आणि घडीच्या सव्वीस खुर्च्या चर्चच्या तळघराला द्याव्यात. खुर्च्या सव्वीसच का, असे कोणी विचारील. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वर्षी जानेवारीत आमच्या पक्षाची, उमेदवार निवडण्याची सभा भरते. आम्ही तिला कॉकस म्हणतो. आमच्या भागाची ही सभा आठ वेळा माझ्या बैठकीच्या खोलीत भरली आणि आठही वेळा मीच अध्यक्ष होते. सव्वीसपेक्षा जास्त लोक आले की जास्तीची माणसे जिन्यावर बसत.

आमच्यात गुप्त मतदान नव्हते. ज्याला जो उमेदवार पसंत, त्याने त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे, सगळ्यांच्या देखत. कोपऱ्यात पुरेशी माणसे जमली नाहीत तर तो कोपरा मोडायचा, आणि बाकीच्यांनी त्या लोकांना आपल्याकडे ओढायचे. मर्ल आणि मी आठपैकी सहा वेळा समोरासमोरच्या कोपऱ्यांत होतो. त्याला मक्याचा भाव महत्त्वाचा वाटे, मला दवाखाने.

"एव्हिस, आजारी पडायला आधी माणूस जगावा लागतो, आणि जगायला मका लागतो," तो तिकडून ओरडायचा.

"मग आज मकाच खा. रस्सा या कोपऱ्यात आहे," मी इकडून सांगायची.

घेवड्याचा तिखट रस्सा आणि दालचिनीचे रोल मी नेहमी माझ्याच कोपऱ्यात ठेवत असे. त्यावर हरकत घेतली गेली होती. मी अध्यक्ष या नात्याने ती फेटाळली.

कलम ५. माझ्या स्वयंपाकाच्या वह्या डोरिन क्लास्टर हिला द्याव्यात. चार निवडणुका तिने दुकानातली बिस्किटे आणली आणि घरी केली म्हणून सांगितली. आता तरी करून बघावीत. याच डोरिनने एकदा युद्ध, कर्ज आणि शाळा या तिन्ही विषयांवर माझ्याशी वाद घालून मला माझ्या कोपऱ्यातून तिच्या कोपऱ्यात नेले होते. त्यानंतर कोणी माझे मत बदलू शकले नाही. तिच्यामुळे मला कळले की हरलो तरी माणूस घरी शांत झोपू शकतो. तिची मी ऋणी आहे.

कलम ६. आता पट्टा. पूर्वेला माझे शेत, पश्चिमेला व्हर्जिल डिट्मर याचे शेत, उत्तरेला खडीचा रस्ता आणि दक्षिणेला ओढा, अशा चतुःसीमेतील चार एकर जमीन. व्हर्जिलच्या शेताला रस्त्यावर यायला दुसरी वाट नाही. त्याच्या वडिलांपासून त्यांचे ट्रॅक्टर याच पट्ट्यावरून जातात, आमच्या तोंडी परवानगीने. लिलावात पट्टा परक्याच्या हाती गेला तर व्हर्जिलचे शेत बेटासारखे अडकून पडेल, आणि पंचाहत्तराव्या वर्षी त्याला ते मिळेल त्या किमतीला विकावे लागेल. कर्टिस म्हणतो, "आत्या, पट्ट्यासकट विकलं तरच भाव येतो. व्हर्जिलकाका बोली लावतील की!" व्हर्जिल बोली लावू शकणार नाही, हे कर्टिसलाही माहीत आहे.

गेल्या मृत्युपत्रात मी हा पट्टा व्हर्जिलला दिला होता, पण कारण लिहिले नव्हते. ते आता लिहिते.

सोळा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, परदेशात आपले युद्ध चालू असताना, माझ्या घरी एकतीस माणसे जमली होती. उमेदवारांची नावे लिहीत नाही, पुढच्यांना भांडायला निमित्त नको. कोपरा टिकायला पाच माणसे लागत होती. सैन्य ताबडतोब परत आणू म्हणणाऱ्या उमेदवाराच्या कोपऱ्यात बरोबर पाच होती: व्हर्जिल, त्याची बायको जोलीन आणि आणखी तिघे. व्हर्जिलचा मुलगा डस्टिन तेव्हा आघाडीवर होता.

मोजणीआधी जिन्याखालच्या बाथरूमकडे तोंड करून "आत कोणी आहे का? बाहेर या, मोजते आहे!" असे ओरडायची माझी रीत होती. आठपैकी सात वेळा मी ओरडले. त्या दिवशी व्हर्जिलला आत जाताना मी पाहिले आणि ओरडले नाही. तो कोपरा मोडला तर त्यातली माणसे माझ्याकडे येतील, हे मला दिसत होते. मी चार मोजले. कोपरा मोडला. जोलीन रडत माझ्या कोपऱ्यात आली आणि मी तिला रोल दिला. व्हर्जिल बाहेर आला, त्याने खोलीकडे पाहिले आणि एवढेच म्हणाला, "मोजलंस? बरं झालं. कॉफी आहे का?"

त्याने कधी तक्रार केली नाही. डस्टिन पुढच्या वर्षी धडधाकट परत आला. तरी सोळा वर्षे व्हर्जिलचा ट्रॅक्टर खिडकीखालून गेला की मला घास गोड लागत नसे. पट्टा त्याच्या नावे केला तो दंड म्हणून.

गेल्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी माझ्या हृदयाचे सांगितल्यावर मी व्हर्जिलला बोलावले आणि स्वयंपाकघरात बसून सगळे कबूल केले. त्याने कपातली कॉफी संपवली.

"अध्यक्षीणबाई, तुझ्या बाथरूमचं दार पुठ्ठ्याचं आहे. मला सगळं ऐकू येत होतं."

"म्हणजे मी मोजतेय हे कळत होतं तुला?"

"'एक, दोन' पासून. मी टबाच्या काठावर बसलो होतो. सकाळी जोलीन म्हणाली होती, त्या कोपऱ्यात उभा राहिला नाहीस तर माझ्याशी बोलू नकोस. आणि खिशात डस्टिनचं पत्र. 'बाबा, काम अर्धवट टाकून या म्हणणाऱ्याच्या मागे माझ्यासाठी म्हणून उभे राहू नका.' आता सांग, कुठे उभा राहणार होतो मी?"

"मग तू मुद्दाम आत बसलास?"

"तू ओरडली असतीस तर यावं लागलं असतं. तू ओरडली नाहीस. मला वाटलं, एव्हिसला कळलंय, ती मला वाचवतेय. सोळा वर्षं मी तुझे आभार मानतोय मनात."

"अरे, मी तुला वाचवलं नाही. लबाडी केली."

"ते तू पाद्रीबाबांना सांग. पण दंड म्हणून जमीन देत असशील तर मला नको. खोडून टाक."

तो निघून गेला. दोन महिने मी विचार केला. व्हर्जिलची माझ्याबद्दल तक्रार नाही, म्हणून माझी लबाडी लबाडी राहत नाही असे नाही. त्या कोपऱ्यात आणखी चौघे होते. त्यांनी आपापल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, ट्रॅक्टरवर, मुलांच्या खोलीच्या दारात उभे राहून विचार केला होता, आणि मी तो चार आकड्यांत संपवला. जोलीन तीन वर्षांपूर्वी गेली. उरलेल्या तिघांकडे मी सप्टेंबरात जाऊन आले. एकाने दार लावून घेतले. ते बरोबरच होते.

म्हणून असे ठरवते: माझ्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होईल, तेव्हा हे कलम लोइस हॅगर्टी यांनी मोठ्याने वाचावे. मी व्हर्जिलला विचारले आहे. तो म्हणाला, "जोलीन नाही आता. आणि डस्टिन असेलच तिथे. त्याचं पत्र मी वाचलं होतं, हे त्याला मी कधी सांगितलं नाही. कळू दे."

आणि पट्टा? पट्टा व्हर्जिल डिट्मर यालाच द्यावा, कायमचा आणि बिनशर्त. आता तो दंड नाही. माझ्या हातून वाईट घडले तेव्हा ज्या माणसाला ते चांगले वाटले, आणि त्या चांगल्याचे आभार जो सोळा वर्षे मनात मानत राहिला, त्याला आपल्या शेतावर जायला कोणाची परवानगी लागू नये, एवढ्यासाठी तो देत आहे. नको म्हणाला तर लोइस यांनी ऐकू नये. कर्टिसने या कलमाविरुद्ध कोर्टात जाऊ नये. गेला तर कलम २ रद्द समजून घर डस्टिन डिट्मर याला द्यावे.

कर्टिसला हे वाचून दाखवले आहे. तो म्हणाला, "आत्या, पत्ते आहेत का घरात?" आम्ही दोन डाव खेळलो. दोन्ही तो हरला.

हे सर्व मी वाचून, समजून, माझ्या हाताने सही करून दिले आहे.

सही: एव्हिस मार्गारेट थोरेसन
ठिकाण: एल्म क्रीक, आयोवा
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२४

आम्ही खालील साक्षीदार लिहून देतो की बाईंनी वरील सही आमच्या समक्ष केली, त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीत होत्या आणि आमचा या मिळकतीत कोणताही हितसंबंध नाही. सहीपूर्वी त्यांनी कलम ६ आम्हांला मोठ्याने वाचून दाखवले. वाचताना त्या दोनदा थांबल्या. शब्द एकही बदलला नाही.

साक्षीदार १: रोंडा विल्म्स, ग्रंथपाल
साक्षीदार २: गेलन ओस्टरहाउस, निवृत्त मेकॅनिक, त्या चौघांपैकी एक, ज्याने दार लावून घेतले होते आणि आज उघडले